वीसला एक

लेनोरा विक ब्यूटला राहायला आली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती, आणि तोवर तिने स्वतःच्या हातांनी काहीही बांधलेलं नव्हतं. कागदावर मात्र बरंच बांधलं होतं. सिॲटलमधल्या एका मोठ्या कचेरीत ती एकवीस वर्षं नकाशे काढत होती. इमारतींचे नव्हे, इमारतींमधल्या उतारांचे. गाड्या तळघरात जातात तो उतार, इस्पितळाच्या दारातून स्ट्रेचर आत येतं तो उतार, वाचनालयाच्या पायऱ्यांशेजारून व्हीलचेअर चढते तो उतार. कचेरीतले लोक तिला गमतीने 'घसरगुंडी विभाग' म्हणायचे. तीही हसायची. शनिवार उजाडला की मात्र गाडी काढायची, तीन तास वाहनांच्या रांगेत घालवायची, चार तास डोंगरात चालायची आणि परतताना पुन्हा तीन तास रांगेत. पुढे घरभाडं इतकं वाढलं की आपण निम्मा महिना घरमालकासाठीच राबतोय असं तिला वाटायला लागलं. त्यातच कचेरीने उतारांचं काम संगणकावर सोपवलं आणि तिला निरोपाचा केक खिलवला.

मॉन्टानातलं ब्यूट तिने निवडलं ते अगदी सरळ हिशेबाने. तिथं तिच्या शिलकीत घर बसत होतं, आणि घराच्या मागच्या दारातून निघालं की गाडीला हात न लावता डोंगरात शिरता येत होतं. तांब्याच्या खाणी बंद पडून जमाना झाला होता. माणसं गेली, घरं राहिली. टेकडीच्या अंगावरचं, कुणा खाणकामगाराने बांधलेलं दोन खोल्यांचं घर तिने घेतलं. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या जमिनीवर पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला तो हलेचना.

"चार इंचांचा फरक आहे," ती स्वतःशीच म्हणाली.

"पाच," उघड्या खिडकीबाहेरून आवाज आला. "अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीपासून पाच. आधी चार होता."

कुंपणापलीकडे एक म्हातारी व्हीलचेअरमध्ये बसून ट्यूलिपच्या वाफ्यातलं गवत लांब दांड्याच्या खुरप्याने उपटत होती. ही बर्निस हार्किन. शाळेची बस तिने एकतीस वर्षं चालवली होती, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ती अजून त्यांच्या थांब्यावरून ओळखायची. एकोणीस वर्षांपूर्वी बर्फावरून पडून तिचा पाठीचा कणा दुखावला, तेव्हापासून पाय गेले होते. हात मात्र होते तसेच होते.

"कुठून आलीस?"

"सिॲटलहून."

"अरे देवा," बर्निस म्हणाली आणि गवताचं मूळ झटक्यात उपटून बादलीत टाकलं.

कामासाठी लेनोरा डोंगरात पायवाटा बांधणाऱ्या मंडळाकडे गेली. टोळीचा मुकादम होता आर्व्हो साल्मी. वय सदुसष्ट, विशीत खाणीत उतरलेला, खाण मिटल्यावर सुतारकी, गवंडीकाम असं मिळेल ते केलेला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्या नव्याकोऱ्या बुटांकडे.

"बाई, दरवर्षी तुझ्यासारखे दोन-चार जण येतात. जूनमध्ये डोंगराचे फोटो काढतात आणि जानेवारीत घर विकायला काढतात."

"मी फोटो काढत नाही."

"मग काय काढतेस?"

"उतार," असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "सध्या काहीच नाही. फावडं द्या."

तो पहिला उन्हाळा तिने पडलेली झाडं ओढण्यात आणि नाल्या खणण्यात घालवला. ऑगस्टपर्यंत तिचे तळहात सोलवटून पुन्हा भरून आले होते आणि पहार कुठं धरायची ते खांद्यांना समजलं होतं. टोळीतली ट्रुडी नावाची धिप्पाड बाई तिला रोज दुपारी आपल्या डब्यातली अर्धी पास्टी द्यायची. मांस-बटाट्याची ती जाडजूड करंजी खाल्ल्याशिवाय संध्याकाळपर्यंत हात उचलत नाहीत हे लेनोराला आठवड्याभरात पटलं. आर्व्हो तिला कामं सांगायचा, वेगळं काही बोलायचा नाही.

मग हिवाळा आला. पारा उणे तीसला गेला, नळ दोनदा गोठला, आणि बर्निसने खिडकीतून ओरडून ओरडून तिला नळ कसा शेकायचा ते शिकवलं. टॅकोमाहून बहिणीचा दर रविवारी फोन यायचा, "झाली का हौस?" म्हणून. लेनोरा म्हणायची, नाही झाली. आणि ते खरं होतं. सकाळी दार उघडलं की समोरचा डोंगर इतक्या जवळ असायचा की आपण त्याच्या ओसरीवर राहतोय असं तिला वाटायचं.

मार्चमध्ये मंडळाची सभा भरली. एका नव्या पायवाटेपुरती देणगी हातात होती आणि ती कुठं करायची ते ठरवायचं होतं. कुणी सायकलवाल्यांची बाजू लावून धरली, कुणी तळ्याची. तेवढ्यात बर्निसने खुर्ची पुढे घेतली.

"मला टेबल खडकावर जायचंय," ती म्हणाली. "माझं लग्न तिथं ठरलं. माझ्या नवऱ्याची राख तिथं उधळली. एकोणीस वर्षं मी तो खडक खालून बघतेय."

सभेत जरा चुळबुळ झाली. टेबल खडकाची जुनी वाट म्हणजे दगडांवरून सरळ वर जाणारी. शेळीलाही विचार करायला लावणारी. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "बर्निस, अगं एवढंच ना? आम्ही चौघं मिळून तुला उचलून नेऊ की."

"मला चौघांनी उचलायचं ते एकदाच," बर्निस म्हणाली, "आणि तेव्हा ते मला कळणारही नाही."

लोक हसले. हसू ओसरल्यावर आर्व्हो शांतपणे म्हणाला, "बर्निस, तू मला शाळेत पोचवायचीस तेव्हापासून तुझं मी ऐकत आलोय. पण तो शंभर फुटांचा खडा चढ आहे. तिथं चाकं कशी जायची?"

मागच्या रांगेतून लेनोरा उठली. उठल्यावर तिला कळलं की आपण उठलोय.

"वीसला एक ठेवला तर जातील."

"काय वीसला एक?"

"वीस फूट पुढं गेलं की फक्त एक फूट वर. शंभर फूट चढायचंय, म्हणजे दोन हजार फुटांची वाट लागेल. दर शंभर फुटांवर दम खायला एक सपाट जागा. समोरून नाही जमणार, पण टेकडीच्या पाठीमागून वळसा घेतला तर तेवढी जागा आहे. मी मोजलीय."

"कधी मोजलीस?" आर्व्होने विचारलं.

"जानेवारीत. बर्फावरून दोरी टाकून."

आर्व्होने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "जानेवारीत," तो शेजारच्या माणसाला म्हणाला, जणू त्यालाच काहीतरी पटवायचं होतं.

ठराव झाला. आणि लेनोराच्या हयातीत पहिल्यांदाच असं झालं, की तिने काढलेली रेघ तिलाच खणायची होती.

मेच्या अखेरीस बर्फ हटलं तसे त्यांनी झाडाझुडपांतून लाल निशाणं रोवली. उताराचं माप डोळ्याला लावून लेनोरा पुढे चालायची आणि वीस पावलांवर ट्रुडी काठी धरून उभी राहायची. "वर... आणखी वर... जरा खाली... तिथंच!" एकदा मूस या अजस्र हरणाची मादी पिल्लाला घेऊन सगळी निशाणं तुडवत गेली आणि दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. मग खोदाई. पाच जणांची टोळी आणि एक छोटं खोदयंत्र. झाडांची मुळं तोडायची, वाट पाच फूट रुंद कापायची, डोंगराचा भुगा झालेला मुरूम घमेल्यांनी आणून पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, पुन्हा पाणी, पुन्हा धुमस. दुपारी ढग गडगडले की सगळ्यांनी हत्यारं टाकून खाली ट्रककडे पळायचं आणि आत दाटीने बसून विजा मोजायच्या.

जुलैत एक चमत्कारिक गोष्ट लेनोराच्या लक्षात आली. माप न लावता तिच्या घोट्यांना चढ कळायला लागला होता. नुसतं उभं राहून ती सांगायची, "इथं अठराला एक झालंय," आणि माप लावलं की अठराच निघायचं. पहिल्यांदा आर्व्होने योगायोग म्हणून सोडून दिलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "खाणीत असताना आमच्यात एक म्हातारा होता, कातळावर हात ठेवून सांगायचा आत पाणी आहे की नाही. त्याला कुणी हसायचं नाही." एवढंच बोलून तो कामाला लागला. लेनोराने मात्र ते वाक्य दिवसभर तोंडात लिमलेटच्या गोळीसारखं घोळवलं.

सप्टेंबरात काम अडलं. शेवटच्या वळणाच्या अलीकडे झोपडीएवढा एक धोंडा होता, जमिनीत किती खोल गेलाय ते कुणालाच माहीत नाही. नकाशात वाट त्याच्या खालच्या अंगाने जात होती, पण तिथली जमीन ठिसूळ निघाली. तिथून न्यायची तर चार फूट उंच नि चाळीस फूट लांब दगडी बांध घालावा लागणार. धोंड्याच्या वरच्या अंगाने मात्र आयती जागा होती. फक्त तीस फूट, आणि चढ दहाला एक.

"दुप्पट होतो," लेनोरा म्हणाली.

"तीस फूट गं!" आर्व्हो म्हणाला. "दोन हजारांतले तीस. पंधरवड्यात बर्फ पडेल. बांध घालत बसलो तर या वर्षी वाट पुरी होत नाही. आणि बर्निस ब्याऐंशीला टेकलीय. विचार कर."

तिने विचार केला. सगळे दमले होते. ट्रुडीचा गुडघा सुजला होता. बर्निस रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन "आज कुठवर?" विचारत होती. लेनोरा म्हणाली, "ठीक आहे. वरून घ्या."

चार दिवसांत तो तुकडा झाला. दिसायला देखणा झाला.

रविवारी टोळीला सुट्टी होती. लेनोराने चर्चच्या तळघरातून एक जुनी व्हीलचेअर मागून आणली, वाटेच्या तोंडाशी नेली आणि तिच्यात बसली. आपण वाट आखली, खणली, पण ती चढून पाहिलेली नाही, ही गोष्ट तिला रात्रंदिवस टोचत होती. पहिले पाचशे फूट तिला घाम फुटला पण मजा वाटली. हजाराला हात भरून आले. सपाट जागेवर थांबायचं, दम खायचा, पुन्हा निघायचं. जमत होतं. तिचा चढ माणसाला वर जाऊ देत होता.

मग धोंडा आला. त्या तीस फुटांपैकी अकरा फूट ती चढली. मग चाकं थांबली. तिने सगळा जोर लावला. खुर्ची इंचभर पुढे गेली, आणि मग मागे. तिने चाकं घट्ट धरली तशी तळहातांची कातडी त्यांच्याबरोबर गेली, खुर्ची तिरकी होऊन काठाच्या दगडाला आदळली आणि ती मुरमावर पडली.

लागलं फार नव्हतं. पण ती तिथंच बसून राहिली. कचेरीत असताना कुणी "जरा जास्त चढ चालेल का?" विचारलं की ती नियमाचं पान काढून दाखवायची आणि नाही म्हणायची. नाही म्हणताना तो आकडा कुणाच्या हातांवर पडतो, हे तिला कधी दिसलं नव्हतं. आणि इथं, जिथं तो हात कुणाचा ते तिला ठाऊक होतं, तिथं तिने हो म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी तिने हाताला पट्ट्या बांधल्या आणि टोळीसमोर उभी राहिली.

"धोंड्यावरचा तुकडा काढून टाकायचा. चूक माझी आहे. मला माहीत होतं आणि मी हो म्हटलं."

"काढून टाकायचा?" आर्व्होचा आवाज चढला. "चार दिवसांचं काम? आकाश बघितलंस का? तीस फुटांसाठी?"

"त्या तीस फुटांच्या अलीकडे सतराशे फूट आहेत. हे तीस असेच राहिले तर ते सतराशे कुणाच्या कामाचे?"

"पुस्तकातलं बोलू नकोस!"

"पुस्तकातलं नाही," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ढकलली. "बसा."

आर्व्होने खुर्चीकडे शत्रूसारखं पाहिलं. मग बसला. त्याचे दंड अजून झाडाच्या बुंध्यासारखे होते. तो गेला, चौदा फुटांवर अडकला. ट्रुडीने मागून धरलं म्हणून घसरला नाही. "पुन्हा," तो म्हणाला. दुसऱ्यांदा बारावर अडकला. तिसऱ्यांदा फिनिश भाषेत एक शिवी हासडली, जी त्याने फिनलंडहून आलेल्या आपल्या आजोबांकडून घेतली असणार, आणि दहावर थांबला. तो उठला, कपडे झटकले, ट्रकपाशी गेला. तो निघून जातोय असंच सगळ्यांना वाटलं. तो कुदळ घेऊन परत आला आणि त्या देखण्या तुकड्यावर पहिला घाव त्यानेच घातला.

बांध आर्व्होने घातला. सिमेंटचा कणही न वापरता, दगडाला दगड बसवून. कुठला दगड कुठं बसेल हे तो डोळे बारीक करून ठरवायचा आणि लेनोरा तो पहारीने सरकवत आणायची. "पाठ डोंगराकडे, पोट बाहेर," तो शिकवायचा. "दगड माणसासारखा असतो, त्याला टेकायला जागा लागते." दोनदा बर्फ पडलं, दोन्ही वेळा त्यांनी झाडूने वाट साफ केली आणि काम चालू ठेवलं. एकोणीस ऑक्टोबरला शेवटचा धुमस पडला. लेनोराने माप लावलंच नाही. नुसती उभी राहिली.

"किती?" आर्व्होने विचारलं.

"वीस."

"एकवीस," तो म्हणाला. "मी थोडा जास्तच सपाट घेतलाय." आणि माप लावलं तर एकवीसच होतं.

उद्घाटन पुढच्या जूनमध्ये झालं. साठ-सत्तर माणसं, फीत, लिंबू सरबत. अध्यक्षांनी सांगितलं की बर्निसला ढकलण्याचा मान त्यांच्या पुतण्याला मिळणार आहे.

"खुर्चीला जो हात लावेल त्याची बोटं मोडीन," बर्निस म्हणाली. तिने बसचालकाचे जुने कातडी हातमोजे चढवले. "तुम्ही सगळे पुढं जा नि खायला सुरुवात करा. मागं घोळका नको. लेनोरा, तू फक्त माझ्यामागून चाल. हात खिशात घाल."

"मिसेस हार्किन, तुम्ही मागं घसरलात तर?"

"तर तुझं काम कच्चं. हात खिशात!"

लेनोराने हात खिशात घातले, आणि दोघी निघाल्या. बर्निस घाई करत नव्हती. चाकाला एक रेटा, श्वास, एक रेटा. पहिल्या पाच सपाट जागांवर ती थांबलीसुद्धा नाही. सहाव्यापासून थांबायला लागली. बाराव्यापासून बोलणं बंद झालं. तिच्या मानेवरून घामाचे ओघळ कॉलरमध्ये उतरत होते आणि खिशातल्या खिशात लेनोराच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतत होती. बांधावर बर्निस पोचली तेव्हा दीड तास होऊन गेला होता. तिने एका हाताने चाक धरून दुसरा हात बाजूच्या दगडांवरून फिरवला.

"आर्व्होचं काम," ती म्हणाली.

"हो."

"बसमध्ये नेहमी मागच्या बाकावर बसायचा. खिडकीच्या काचेवर बोटाने घरं काढायचा." आणि पुढचा रेटा दिला.

एक तास आणि पन्नास मिनिटं. टेबल खडकावर बर्निसची पुढची चाकं टेकली तेव्हा लोकांच्या हातातले सँडविच हातातच राहिले. मग ट्रुडीने दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ मारली की झाडांवरचे कावळे उडाले.

बर्निसने ब्रेक लावला. समोर सगळं गाव होतं, टेकडीवर खाणींचे काळे लोखंडी मनोरे, आणि त्यांच्या पलीकडे अजून बर्फ धरून असलेली डोंगरांची रांग. ती खूप वेळ बघत राहिली. लेनोरा बाजूला उभी होती. आता म्हातारी रडणार, असं तिला वाटलं.

"अगं!" बर्निस एकदम म्हणाली. "माझ्या छपराचा पत्रा उचकटलाय कोपऱ्यात! तू रोज शेजारी राहतेस, तुला दिसला नाही होय?"

"खालून दिसत नाही," लेनोरा म्हणाली. हसता हसता तिचेच डोळे भरून आले.

अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. मंडळाचे आभार, देणगीदारांचे आभार, सर्व कार्यकर्त्यांचे आभार. आर्व्हो मागे उभा होता, तो मध्येच मोठ्याने म्हणाला, "वाट हिने आखली. आम्ही नुसती खणली." अध्यक्ष थांबले. सगळ्यांनी वळून लेनोराकडे पाहिलं. एरवी अशा वेळी ती म्हणाली असती, छे, सगळ्यांनीच केलं. ते खरंही होतं. पण आज ती ताठ उभी राहिली आणि लोकांना आपल्याकडे बघू दिलं.

त्या वर्षी पलीकडच्या दोन गावांनी तशी वाट हवी म्हणून लिहिलं, आणि मंडळाने आखणीचं सगळं काम तिच्याकडे दिलं. बहीण टॅकोमाहून आली, धापा टाकत टेबल खडकावर चढली आणि वर पोचल्यावर फक्त म्हणाली, "हे तू?" लेनोरा म्हणाली, "मी. आणि आणखी चौघं."

पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या वाटेवर एक चक्कर मारते. कुठं मुरूम वाहिलाय का, बांधात काही हललंय का, ते बघायला. बऱ्याचदा तिच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं. ओल्या मुरमावर शेजारी शेजारी दोन बारीक रेघा उमटलेल्या असतात, कधी लहान मुलांच्या गाडीच्या, कधी खुर्चीच्या, वळणावर वळत गेलेल्या. लेनोरा फावडं खांद्यावर टाकते आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून वाटेच्या अगदी कडेकडेने वर जाते.